गिलानसेवा आणि मरणसमयीचा विवेक

हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव येथे एका वर्षावासात विनयपिटकावर बोलण्याचा प्रसंग आम्हांस आला होता. विषय होता तथागतांच्या भिक्खुसंघातील आजारी माणसाचे स्थान. प्रवचन संपले, खिरीचे वाटप झाले, मंडळी घरोघर पांगली. एक वयस्क उपासिका मात्र भिंतीशी बसून राहिली. सर्व गेल्यावर ती जवळ आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "सर, एक इचारू का? यांना तोंडाचा कॅन्सर होता. मोठ्या दवाखान्यातून सांगितलं, आता घरी न्या अन् सेवा करा. घरी आणल्यावर जेवण जाईना. नाकातून नळी घालू म्हणाले. यांनी हातानंच नको म्हणून सांगितलं. मी नळी घालू दिली नाही. आठ दिवसांनी गेले. रोज पंचशील घेते, पण पहिलं शील म्हणताना जीभ अडखळते. माझ्या हातून पाणातिपात झाला का?"

त्या क्षणी आम्ही सांत्वनाचे चार शब्द बोललो. परंतु तिने सांत्वन मागितले नव्हते. तिने प्रश्न विचारला होता, आणि प्रश्नाला उत्तर द्यावयाचे तर ते ग्रंथांच्या आणि इतिहासाच्या आधाराने दिले पाहिजे, असे आम्हांस वाटले. प्रस्तुत लेख हा त्या उत्तराचा प्रयत्न आहे. मरणासन्न माणसावर उपचार कोठवर करावेत, ते कोणी थांबवावेत, आणि थांबविणे म्हणजे मारणे काय, हे प्रश्न अतिदक्षता विभाग आणि कृत्रिम श्वसनयंत्र आल्यावर जन्मास आले, असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा नाही. यंत्रे नवी आहेत. प्रश्न फार जुना आहे.

१. विनयातील आजारी भिक्खू

महावग्गाच्या आठव्या खंधकात कुच्छिविकाराने, म्हणजे अतिसाराने, आजारी असलेल्या एका भिक्खूची कथा येते. तो स्वतःच्या मलमूत्रात पडून होता. भगवान बुद्ध आनंदासह निवासस्थानांची पाहणी करीत असता त्याच्यापाशी आले. तुझी सेवा करणारा कोणी आहे काय, असे त्यांनी विचारले. नाही, असे उत्तर आले. का नाही, या प्रश्नावर त्या भिक्खूने जे कारण सांगितले ते आजही मनाला बोचते : मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून ते माझी सेवा करीत नाहीत. तेव्हा भगवंतांनी स्वतः पाणी ओतले, आनंदाने अंग धुतले. एकाने डोके व दुसऱ्याने पाय धरून त्याला मंचकावर निजविले. मग संघ बोलावून त्यांनी सांगितले की, तुम्हांला येथे आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करणार? आजाऱ्याची सेवा ही प्रत्यक्ष माझीच सेवा होय, असाही आशय त्यांनी तेथे मांडला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'द बुद्ध अँड हिज धम्म' या १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ही कथा आवर्जून घेतली आहे.

कथा सर्वांना ठाऊक आहे. तिच्यापुढील नियम मात्र फारसे वाचले जात नाहीत. सेवा कोणी करावी याचा क्रम तेथे घालून दिला आहे : उपाध्याय असेल तर त्याने, आचार्य असेल तर त्याने, मग सहविहारी शिष्याने, यांपैकी कोणीच नसेल तर संपूर्ण संघाने. संघाने न केल्यास सर्वांना दुक्कटाचा दोष. चांगल्या सेवकाची पाच लक्षणेही दिली आहेत. त्याला औषध तयार करता यावे. पथ्य काय आणि अपथ्य काय हे त्याला कळावे. त्याने लोभापोटी नव्हे तर मैत्रीचित्ताने सेवा करावी. मल, मूत्र, थुंकी, वांती उचलताना त्याला किळस वाटू नये. आणि वेळोवेळी धम्माच्या गोष्टी सांगून त्याने आजाऱ्याचे मन प्रसन्न ठेवावे. याच प्रकरणात आणखी एक तरतूद आहे. भिक्खू मरण पावला तर त्याचे पात्र व चीवर संघाने त्याची सेवा करणाऱ्यास द्यावे. ज्याने सेवा केली त्याचा शब्द आणि त्याचा हक्क संघ मानीत असे, हे यावरून दिसते. पुढे आपणांस या मुद्द्याकडे परत यावयाचे आहे.

अंगुत्तर निकायाच्या तिक निपातात आजाऱ्यांचे तीन प्रकार सांगितले आहेत. काही जण उपचार मिळोत वा न मिळोत, बरे होतातच. काही जण उपचार मिळोत वा न मिळोत, बरे होत नाहीत. आणि काही जण उपचार मिळाले तरच बरे होतात. या तिसऱ्या प्रकारच्या आजाऱ्यासाठी पथ्याहार, औषध आणि सेवक यांची अनुज्ञा आहे. आणि त्याच्यामुळे उरलेल्या दोघांचीही सेवा केली पाहिजे, असे तेथे म्हटले आहे. जो बरा होणार नाही हे स्पष्ट आहे त्याचीही सेवा थांबवावयाची नाही. 'आता काही करता येण्यासारखे नाही' हे वाक्य या परंपरेत बसत नाही. बरे करता येत नसेल. सेवा करता येतेच.

२. मृत्यूची स्तुती करण्यास बंदी

सेवेची सक्ती करणाऱ्या याच विनयाने मृत्यू घडविण्यावर सर्वांत कठोर बंधन घातले. माणसाचा जाणूनबुजून जीव घेणे हा तिसरा पाराजिक. तो करणारा भिक्खू संघातून कायमचा जातो. या नियमाचा विस्तार कसा झाला हे पाहण्यासारखे आहे. सुत्तविभंगात सांगितले आहे की, एक उपासक आजारी होता. त्याची पत्नी रूपवती होती. षड्वर्गीय म्हणून कुप्रसिद्ध असलेल्या काही भिक्खूंचे मन तिच्यावर गेले. ते त्या आजाऱ्यापाशी जाऊन म्हणाले की, तू पुण्य केले आहेस, तुला सद्गती मिळणार. मग हे दुःखाचे जगणे कशाला? त्या भोळ्या माणसाला ते पटले. त्याने पथ्य सोडले आणि तो मेला. पत्नीने संघावर उघड आरोप केला. तेव्हा नियमात भर पडली : हत्या करणेच नव्हे, तर मरणाची स्तुती करून एखाद्यास मरणाकडे वळविणे हाही पाराजिकच.

यावर कोणी म्हणेल, त्या भिक्खूंचा हेतूच दुष्ट होता. परंतु विनय तेथे थांबत नाही. पुढील प्रकरणांत असेही उदाहरण आहे की, काही भिक्खूंनी केवळ करुणेने एका आजारी भिक्खूपुढे मरणाची वाखाणणी केली आणि तो मरण पावला. त्यांच्या मनात पश्चात्ताप उत्पन्न झाला. निर्णय झाला : पाराजिक. बोलणाऱ्याच्या मनात लोभ असो वा दया असो, आजाऱ्याच्या उशाशी बसून 'तू गेलास तर बरे' असे सुचविण्याचा अधिकार कोणालाही नाही. बिछान्यावरचा माणूस दुबळा असतो. आपण ओझे झालो आहोत ही भावना त्याच्या मनात आधीच घर करून असते. अशा वेळी आप्ताच्या तोंडचा एक शब्दही धक्का ठरतो. हे मानवी मनाचे ज्ञान विनयकारांस होते.

मज्झिम निकायातील छन्नोवाद सुत्त या संदर्भात महत्त्वाचे आहे. छन्न भिक्खूला असह्य वेदना होत होत्या आणि त्याने जीवन संपविण्याचा विचार बोलून दाखविला. सारिपुत्त त्याच्याशी वाद घालीत नाहीत, त्याला दोषही देत नाहीत. ते म्हणतात, योग्य आहार नसेल तर मी आणून देतो. योग्य औषध नसेल तर मी आणून देतो. सेवक नसेल तर मी स्वतः तुझी सेवा करतो. पण तू जग, तू जगावास अशी आमची इच्छा आहे. या सुत्ताच्या शेवटाचा अर्थ कसा लावावा यावर अभ्यासकांत मतभेद आहेत आणि त्यावरून सर्वसाधारण अनुमती काढता येत नाही. परंतु सारिपुत्तांच्या प्रश्नांचा क्रम निःसंदिग्ध आहे. मरणाची इच्छा ऐकू आली की पहिला प्रश्न आहाराचा, औषधाचा आणि सोबतीचा. बाकीचे सर्व त्यानंतर.

३. अट्ठकथेने आखलेली सीमारेषा

मग आजाऱ्याने उपचार नाकारलाच तर? इ. स. च्या पाचव्या शतकात सिंहलद्वीपात आचार्य बुद्धघोषांनी विनयावर समन्तपासादिका ही अट्ठकथा रचली. तिसऱ्या पाराजिकाच्या विवेचनात त्यांनी नेमका हाच प्रश्न हाताळला आहे. औषध आणि सेवक उपलब्ध असता केवळ मरावे म्हणून जो आजारी भिक्खू आहार सोडतो, त्याला दुक्कटाचा दोष लागतो. परंतु ज्याचा आजार मोठा आहे, दीर्घकाळ चालला आहे, सेवा करणारे भिक्खू थकून गेले आहेत, आणि आता हा देह सांभाळूनही टिकणार नाही असे जो स्वतः पाहतो, त्याने आहार व औषध सोडले तर ते योग्य आहे, दोष नाही, असा त्यांचा निर्णय आहे.

या निर्णयातील दोन गोष्टींकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. पहिली ही की, अट्ठकथाकार आधी औषध व सेवक आहेत की नाहीत हे विचारतात. ज्याला ती मिळालीच नाहीत त्याच्या नकाराला ते निवड म्हणून मोजीत नाहीत. दुसरी ही की, सेवकांच्या थकव्याचा विचार करण्याची मुभा येथे आजाऱ्याला आहे, सेवकाला नाही. आजारी माणूस मनात म्हणू शकतो, 'ही मंडळी थकली, आणि देह तर टिकत नाही.' सेवकाने तेच वाक्य उच्चारले तर ती मरणाची स्तुती होते. शब्द एकच, तो कोणाच्या तोंडी आहे यावर त्याचे कुशल-अकुशलत्व ठरते.

प्राणिहत्येची पाच अंगेही अट्ठकथांनी सांगितली आहेत : समोर प्राणी असणे, तो प्राणी आहे याची जाणीव असणे, मारण्याचे चित्त असणे, त्यासाठी प्रयत्न करणे, आणि त्या प्रयत्नाने मृत्यू घडणे. ही पाचही अंगे एकत्र आल्याखेरीज पाणातिपात पूर्ण होत नाही. मरणाऱ्या देहाला ओढून न धरणे आणि जगणाऱ्या देहाला ढकलणे, यांत मारण्याच्या चित्ताचे अंतर आहे.

४. त्रिरश्मीवरील शिलालेख

हे केवळ ग्रंथांतरी राहिले, की आपल्या भूमीत त्याचे आचरणही झाले? या प्रश्नाचे उत्तर नाशिकच्या त्रिरश्मी पर्वतावर, ज्याला लोक पांडवलेणी म्हणतात तेथे, दगडात कोरलेले आहे. आभीर राजा माढरीपुत्र ईश्वरसेन याच्या कारकीर्दीच्या नवव्या वर्षी, म्हणजे इ. स. च्या तिसऱ्या शतकात, विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने एक अक्षयनीवी, म्हणजे कायम ठेव, स्थापन केली. ती शक कुळातील होती. अग्निवर्म्याची कन्या, गणपक रेभिलाची पत्नी, गणपक विश्ववर्म्याची माता. गोवर्धन येथील निरनिराळ्या श्रेणींकडे तिने कार्षापणे गुंतविली. कुलरिकांच्या श्रेणीकडे १०००, जलयंत्रे बनविणाऱ्या ओदयंत्रिकांच्या श्रेणीकडे २०००, आणि तेली इत्यादी अन्य श्रेणींकडेही काही. हेतू लेखात स्पष्ट आहे : त्रिरश्मी पर्वतावरील विहारात राहणाऱ्या चातुर्दिश भिक्खुसंघातील आजाऱ्यांना औषध मिळावे.

लेणी खोदून देणारे राजे आणि अमात्य आपणांस माहीत असतात. विष्णुदत्तेने लेणे दिले नाही. आजाऱ्याच्या उशाशी औषध कायम असावे एवढीच व्यवस्था केली, आणि ती आपल्या पश्चात चालावी म्हणून मुद्दल श्रेणींच्या हाती ठेवले. सम्राट अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात माणसांच्या व पशूंच्या चिकित्सेची सोय केल्याचे नोंदविले आहे. पाचव्या शतकात आलेल्या फाहियान या चिनी यात्रेकरूने पाटलिपुत्रातील धनिकांनी चालविलेल्या, गोरगरीब व निराधार रुग्णांसाठी असलेल्या धर्मार्थ रुग्णालयांचे वर्णन केले आहे. या मालिकेत त्रिरश्मीचा लेख महाराष्ट्राचा दुवा आहे. गिलानसेवा ही येथे भावनेपुरती नव्हती. तिच्यामागे निधी होता, हिशेब होता आणि जबाबदार संस्था होती.

५. केईएममधील बेचाळीस वर्षे

आता आपण आधुनिक काळात येऊ. मरणाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न भारताच्या सर्वोच्च न्यायालयात ज्या खटल्याने ऐरणीवर आणला, तो महाराष्ट्रातलाच होता. मुंबईच्या परळ येथील केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच अमानुष अत्याचार झाला. गळा आवळला गेल्याने मेंदूला प्राणवायू मिळाला नाही आणि त्या कायमच्या अचेतनवत् अवस्थेत गेल्या. तेव्हापासून १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने मृत्यू येईपर्यंत, म्हणजे सुमारे ४२ वर्षे, त्यांची सेवा त्याच रुग्णालयातील परिचारिकांनी केली. परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या. ज्यांनी अरुणाला कामावर कधी पाहिले नव्हते अशा मुलीही तिला न्हाऊ घालीत, भरवीत, कूस बदलवीत राहिल्या. इतक्या वर्षांत तिला एकही शय्याव्रण झाला नाही, ही गोष्ट न्यायालयानेही नमूद केली. ज्यांनी बिछान्याला खिळलेल्या माणसाची महिनाभर जरी सेवा केली आहे त्यांना या एका वाक्याचे मोल कळेल.

लेखिका पिंकी विराणी यांनी १९९८ साली अरुणाची हकीकत ग्रंथरूपाने मांडली आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला की, हे जगणे जगणे नव्हे, तिला भरविणे थांबवावे. परिचारिकांनी व रुग्णालयाने यास ठाम विरोध केला. एका बाजूला दुःख संपावे म्हणणारी करुणा होती. दुसऱ्या बाजूला हात न सोडणारी करुणा होती. दोहोंपैकी कोणाच्याही हेतूविषयी शंका घेण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. ७ मार्च २०११ रोजी न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू व न्यायमूर्ती ज्ञानसुधा मिश्रा यांच्या पीठाने निकाल दिला. अरुणाच्या वतीने बोलण्याचा अधिकार, ज्यांनी तिची इतकी वर्षे सेवा केली त्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे, असे न्यायालयाने मानले आणि अर्ज फेटाळला. त्याच निकालात, जीवरक्षक उपचार मागे घेणे, ज्यास निष्क्रिय दयामरण म्हणतात, ते उच्च न्यायालयाच्या अनुमतीने करता येईल, असेही सांगितले. औषध टोचून मृत्यू घडविणे मात्र बेकायदेशीरच राहिले.

मृत भिक्खूचे पात्र-चीवर सेवकास देणारा विनय आणि सेवकाचा शब्द प्रमाण मानणारे न्यायालय, यांच्यामध्ये अडीच हजार वर्षांच्या जवळपास अंतर आहे. न्यायालयाने विनय वाचून निकाल दिला, असे आमचे म्हणणे नाही. आजाऱ्याच्या जवळ कोण होते हा प्रश्न दोघांनाही निर्णायक वाटला, एवढेच आम्ही निदर्शनास आणू इच्छितो. मात्र या खटल्याने सेवेची मर्यादाही दाखविली. अरुणाला स्वतःला काय हवे होते, हे बेचाळीस वर्षांत कोणालाही कळू शकले नाही. सेवा पुष्कळ काही देऊ शकते. आजाऱ्याच्या मनातील न बोललेली इच्छा ती देऊ शकत नाही. ती ज्याची त्यानेच, शुद्धीत असता, सांगून ठेवावी लागते.

६. कायद्याची वाटचाल

या विचाराची चर्चा महाराष्ट्रात त्यापूर्वीच सुरू झाली होती. मिनू मसानी यांनी १९८१ साली मुंबईत प्रतिष्ठेने मरण्याच्या हक्कासाठी संस्था स्थापन केली. नोव्हेंबर १९८२ मध्ये आचार्य विनोबा भावे यांनी पवनार येथे, हृदयविकाराच्या झटक्यानंतर, औषध व अन्न नाकारून देह ठेवला. त्या वेळीही इच्छा कोणाची आणि अनुमती कोणाची, हा वाद झाला. ज्ञान कौर खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही असे ठरविले, परंतु नैसर्गिक मृत्यू समीप आला असता प्रतिष्ठेने मरणे हा प्रतिष्ठेने जगण्याचाच भाग आहे, हेही मान्य केले.

९ मार्च २०१८ रोजी कॉमन कॉज संस्थेच्या याचिकेवर पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने या विषयाला निश्चित रूप दिले. शुद्धीवर असलेल्या, विचार करू शकणाऱ्या प्रौढ व्यक्तीस उपचार नाकारण्याचा अधिकार आहे. आणि पुढे शुद्ध हरपली तर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याचाही अधिकार आहे, असे त्या पीठाने सांगितले. सुरुवातीची कार्यपद्धती फार किचकट होती. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने ती सोपी केली. आता असा आगाऊ निर्देश दोन साक्षीदारांसमक्ष सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करता येतो. आपल्या वतीने बोलणारी व्यक्ती त्यात नमूद करावयाची असते. रुग्णालयात उपचार मागे घ्यावयाचे झाल्यास उपचार करणारा डॉक्टर व दोन तज्ज्ञ यांचे प्राथमिक मंडळ, आणि मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेल्या डॉक्टरासह दुसरे मंडळ, यांनी शक्यतो प्रत्येकी ४८ तासांत मत द्यावयाचे असते. मग न्यायदंडाधिकाऱ्यास कळवून निर्णय अमलात येतो. निर्देश लिहिलेला नसेल तर कुटुंबीयांच्या संमतीने हीच वाट चालावी लागते.

ढकलणे निषिद्ध, ओढून धरणे अनिवार्य नाही, आणि शब्द आजाऱ्याचा. कायदा फिरून फिरून ज्या ठिकाणी आला ते ठिकाण विनयाच्या वाचकांस अनोळखी वाटू नये.

७. नाइलाज आणि निवड

परंतु सेनगावच्या प्रश्नाचे उत्तर एवढ्याने पुरे होत नाही. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा झाला आणि सेनगाव त्यातील एक तालुका आहे. येथला रुग्ण तालुक्याहून हिंगोलीस, हिंगोलीहून नांदेडला किंवा छत्रपती संभाजीनगरला जातो. सोयाबीन विकून आलेला पैसा सरतो, उसनवारी होते, आणि एके दिवशी सांगितले जाते : घरी न्या, सेवा करा. हे सांगणाऱ्या डॉक्टरास दोष देण्याचे कारण नाही. बहुधा ते खरेच असते. पण सेवा कशी करावी हे त्या कागदावर लिहिलेले नसते. वेदना उठली तर काय द्यावे, जखमेला वास येऊ लागला तर काय करावे, घशात घास अडकू लागला तर भरवावे की नाही, रात्री कोणाला विचारावे, हे कोणी सांगत नाही.

अशा स्थितीत जे घडते त्याला शहरातील चर्चेत 'उपचार थांबविण्याचा निर्णय' म्हणतात. आपल्या भाषेत त्याला वेगळा शब्द आहे : नाइलाज. नाइलाज म्हणजे निवड नव्हे. औषध व सेवक आहेत काय, हा बुद्धघोषांचा पहिला प्रश्न येथे आपल्या समाजाला विचारला पाहिजे. ज्या घरात वेदनाशामक पोहोचले नाही, तेथील माणूस 'आता सोडवा' म्हणतो तेव्हा तो मरण मागत असतो की वेदनेतून सुटका मागत असतो, हे कोणी ठरवावे? सारिपुत्तांप्रमाणे आधी आहार, औषध, सोबत देऊन पाहावी. मग त्याचे म्हणणे ऐकावे.

हे अशक्य नाही. मुंबईत वांद्रे येथे १९८६ साली शांती अवेदना सदन हे मरणासन्न कर्करुग्णांसाठीचे भारतातील पहिले आश्रयस्थान सुरू झाले. पुण्यात वारजे येथे १९९७ पासून सिप्लाचे उपशामक उपचार केंद्र रुग्णांची विनामूल्य सेवा करीत आहे. केरळात १९९३ साली कोळिकोड येथे सुरू झालेल्या कार्यातून गावोगावच्या स्वयंसेवकांचे जाळे उभे राहिले आणि २००८ साली त्या राज्याने उपशामक सेवेचे धोरण स्वीकारले. तेथे शेजारीपाजारीच प्रशिक्षण घेऊन आजाऱ्याच्या घरी जातात. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर तोंडाने घ्यावयाचे मॉर्फिन हे जुने, स्वस्त आणि परिणामकारक औषध आहे. डॉक्टरच्या देखरेखीखाली योग्य मात्रेत दिल्यास ते मृत्यू ओढवून आणीत नाही. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या जाचक परवान्यांमुळे ते रुग्णालयांतून जवळपास नाहीसे झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने वाट मोकळी केली. तरी ते जिल्ह्याच्या ठिकाणी मिळते काय, हे विचारणारे कोणी असावे लागते.

आमच्या मते ते विचारण्याचे काम विहारांचे आहे. विहार म्हणजे केवळ वंदनेची जागा असती तर विष्णुदत्तेने तेथे औषधाची ठेव ठेवली नसती. प्रत्येक विहारात पाच-सात उपासक-उपासिकांनी आजाऱ्याची कूस बदलणे, तोंड स्वच्छ ठेवणे, जखम धुणे एवढे शिकून घ्यावे. घरात एकटी पडलेली पत्नी किंवा सून एक रात्र झोपू शकेल, यासाठी पाळी लावावी. पौर्णिमेच्या एखाद्या कार्यक्रमात आगाऊ निर्देश कसा लिहावा हे सांगावे. आणि मरणासन्न माणसाला चिंतामुक्त करावे. अंगुत्तर निकायात नकुलमाता आपल्या आजारी पतीस सांगते की, माझ्या मागे संसाराचे काय होईल ही चिंता घेऊन जाऊ नका. मी सूत कातीन, मुलांना वाढवीन, शील सांभाळीन. ती त्याला मरा म्हणत नाही, जगाच असा हट्टही धरीत नाही. त्याच्या मनावरचे ओझे तेवढे ती उतरविते. तो आजारातून उठला, असे सुत्त सांगते. उठला नसता तरी तिचे बोलणे तितकेच खरे ठरले असते.

आता सेनगावच्या उपासिकेस आमचे उत्तर. बाई, पाच अंगांपैकी मारण्याचे चित्त तुमच्यापाशी नव्हते आणि मारण्याचा प्रयत्नही नव्हता. आजार मोठा होता, देह टिकणार नव्हता, आणि नकार तुमच्या धन्याचा होता, शुद्धीतला होता. तुम्ही त्यांना मरा म्हणाला नाहीत. उलट, आम्ही विचारले तेव्हा तुम्हीच सांगितले की, ते आठही दिवस तुम्ही कापसाच्या बोळ्याने त्यांचे ओठ भिजवीत होता आणि जखम धूत होता. विनयात यालाच गिलानाचे उपस्थान म्हटले आहे. पहिले शील तुमच्या हातून मोडले नाही. ते निःशंक मनाने म्हणा.

त्या आठ दिवसांत वेदनेवरचे औषध घरात नव्हते, हे मात्र तुम्ही जाता जाता सांगितले. रात्री ते कण्हत असत आणि आपण दार लावून घेत होता, म्हणजे शेजाऱ्यांची झोपमोड होऊ नये. तो दोष तुमचा नाही. सेवेचा क्रम सांगताना विनयाने शेवटी संपूर्ण संघाचे नाव घेतले आहे, आणि दुक्कट तेथेच नोंदविला आहे. त्या रात्रींचा दुक्कट आम्हां सर्वांकडे येतो.